आठ बाय सोळा

उदगीर. मोंढ्यामागचा वजनकाटा.
खोलीत एक टेबल, पोतं पांघरलेला कूलर,
आणि मी, काट्याचा प्रोग्राम दुरुस्त करायला आलेली.
तीन दिवस झाले, अजून अक्षरच निवडतेय.

बसवणप्पा पावती फाडता फाडता विचारतात,
'काय करलालीस गं बाई? चालू कधी होणार?'
अक्षर बघतेय काका.
'आत्ता? शाळेत बघितलं नव्हतं का?'

कसं सांगू.
हा पडदा चौदा इंची, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा.
लॅपटॉपवरची गुळगुळीत अक्षरं इथं कडेनं भिजतात
ताकात सोडलेल्या भाकरीसारखी.
मला टिंबांची हवीत.
आठ आडवी, सोळा उभी,
प्रत्येक टिंब आहे, नाहीतर नाही.
'असेल बहुतेक' हे खातंच नको.

आणि सगळ्यांना जागा सारखी.
काडीएवढा आय, ढेरपोट्या डब्ल्यू,
दोघांना एकाच मापाची खोली.
आयनं पाय पसरायचे,
डब्ल्यूनं गुडघे पोटाशी घ्यायचे.
तेव्हा कुठं आकड्याखाली आकडा येतो,
आणि चुकलेला कंस लांबूनच दिसतो.

पहिलं फार देखणं होतं. लगेच लावलं.
संध्याकाळी कळलं, त्यातले एक आणि एल जुळे,
फक्त आईला ओळखू येणारे.
दुसऱ्यात शून्याच्या पोटात टिंब, म्हणजे ओ वेगळा, छान,
पण आठ आणि बी दुरून एकच.
असल्याच एका बीपायी मागच्या हंगामात
मुजीबभाईंच्या गाडीतली सत्तावन्न क्विंटल तूर
तोगरीच्या भुजंगरावांच्या नावावर चढली.
तूर परत आली. बोलणं अजून आलेलं नाही.
तिसऱ्याचं नावही विसरले.
चौथ्यात महिरपी कंसाची कंबर गेलेली.

मग एक ओळ टाइप केली, सगळ्या संशयितांची:
शून्य ओ एक एल आय आठ बी पाच एस दोन झेड.
बसवणप्पांना म्हटलं, तुमच्या खुर्चीतनंच वाचा.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.
इंग्रजी पुस्तक कधी उघडलं नसेल या माणसानं,
पण तीस वर्षं चिखलाच्या आडून
गाड्यांचे नंबर वाचले आहेत.
वाचत गेले, न अडखळता,
आणि नवव्याशी थांबले.
'ह्यो पाच आजारी हाय.'

मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच,
डोक्यावरची पट्टी एका टिंबानं तोकडी,
त्यामुळे तो एसच्या खांद्याला टेकलेला.
फॉन्ट उघडला. रिकाम्या घरात
एक टिंब भरलं. एकच.
'हां,' ते म्हणाले, 'आता उभारला.'

राहिल्या माझ्या मराठी टिपा.
'इथे बारदान वजा', 'इथे हात लावू नये',
सगळ्यांच्या जागी रिकामे चौकोन,
गावच उठून गेल्यासारखे.
रात्री लॉजवर बसून थोडी अक्षरं पाडली.
वरची रांग या कडेपासून त्या कडेपर्यंत भरली
की शिरोरेषा आपोआप शेजाऱ्याचा हात धरते,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
ळ चटकन बसला.
क्षनं रात्र खाल्ली.
वेलांटीला स्वतंत्र खोली दिली तर ती तिथं राहत नाही,
रांग सोडून दुसऱ्याच्या छपरावर जाऊन बसते.

सकाळी बसवणप्पा म्हणाले, 'माझं नाव काढ बघू.'
ब, स, व, ण.
चार खोल्या, चार जण, बिनतक्रार.
पुढच्या जोड्याला आठ टिंबं पुरेनात,
अर्धा प घुसवला की पुरा प भिंतीबाहेर.
एक टिंब काढते, दोन घालते,
ते टेबलावर वाकून बघतायत,
आणि बाहेर हॉर्न.
'थांब, गाडी चढलालीय,' म्हणून ते उठले.
पडद्यावर आकडे पळायला लागले,
माझा पाच त्यांच्यात, ताठ,
आणि खिडकीत त्यांचं नाव तसंच
णपाशी थांबलेलं.